आबाजी, आपलं पयलं गाव कोनतं?
(अभ्यासपाठ : वाडवडिलांच्या गोष्टी आणि आपले मूळ)





पांढरकवडा परिसरातील कोलाम, गोंड आणि परधान कुटुंबांसाठी आपण प्रार्थना करता, देणगी पाठवता, मुलांच्या वह्या-पुस्तकांची आणि आजाऱ्यांच्या औषधांची काळजी वाहता. मदतीच्या या यादीत सहसा न येणारी एक गोष्ट या वेळच्या पाठासाठी घेतली आहे. ती म्हणजे या कुटुंबांची स्वतःची कथा : आपण कोण, कोठून आलो, कोणत्या डोंगरावरून कोणत्या डोंगरावर गेलो, आपले आडनाव कसे पडले.

पाठाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या मुलाला आपल्या माणसांची वाट ठाऊक असते, ते शाळेत, कचेरीत आणि परगावी ताठ उभे राहू शकते. ही वाट आज म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ती त्यांच्या हयातीतच नातवंडांच्या हाती आली पाहिजे, आणि या कामी मंडळीला थोडा पण खरा हातभार लावता येतो.

१. धागा कोठे तुटतो

कोलामांची वस्ती म्हणजे पोड. बहुतेक पोड गावापासून थोडे दूर, टेकडीच्या कडेला असते. पोडाचा नाईक असतो, बैठकीची जागा असते, आणि म्हाताऱ्या माणसांची आपसातली बोली कोलामी असते. महाराष्ट्र शासनाच्या नोंदीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमाती आहेत. त्यांपैकी कोलामांची मोठी वस्ती यवतमाळ जिल्ह्यात आहे.

पोडावरचे मूल सहा-सात वर्षांचे झाले की बहुधा आश्रमशाळेत जाते. तेथे त्याला जेवण, कपडे आणि शिक्षण मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. पण घरातल्या गोष्टी रात्री, जेवणे झाल्यावर, शेकोटीजवळ सांगितल्या जातात, आणि त्या वेळी मूल वसतिगृहात असते. दिवाळीत आणि उन्हाळ्यात ते घरी येते तेव्हा आईवडील मजुरीवर गेलेले असतात. दहा वर्षांत मूल मराठी वाचू-लिहू लागते, पण आजी कोलामीत बोलली की अर्धेच समजते. आजीलाही ते कळते, आणि मग ती त्याच्याशी मोडक्या मराठीत बोलू लागते. त्या मराठीत तिला बाजारहाट सांगता येतो, पूर्वजांची कथा सांगता येत नाही.

कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. त्यांचे नाते मराठीपेक्षा तेलुगूशी जवळचे आहे. म्हणून मराठी शिक्षकाला मुलाचे बोलणे अशुद्ध मराठी वाटते, पण खरे तर त्यामागे एक पूर्ण व्याकरण असलेली दुसरी भाषा उभी असते. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने कोलामीवर लिहिलेला ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशातील विद्यापीठांत या भाषेचा अभ्यास झाला, आणि पोडावरच्या मुलाला मात्र आपण काहीतरी कमी प्रतीचे बोलतो असे वाटत राहिले.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आणि कोलामी बोलणारे सुमारे सव्वा लाख होते. संताळी आणि बोडो या आदिवासी भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी आणि कोलामी अजून बाहेर आहेत. प्रयत्न मात्र चालू आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

२. कथा कोणी सांभाळली

पूर्वी हे काम कोणाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. गोंड समाजात परधान हे कथा सांभाळणारे. प्रत्येक परधान घराण्याची ठरलेली गोंड घराणी असत. देवकार्यात, लग्नात, मरणात परधान येई, किंगरी वाजवी आणि त्या कुळाची उत्पत्ती, देवांची संख्या, पूर्वजांचे पराक्रम गाऊन सांगे. त्याबद्दल त्याला धान्य, कापड, कधी जनावर मिळे. आदिलाबादकडचे आणि आपल्या सीमेवरचे परधान घरी मराठी बोलतात, पण कुळाची कथा गोंडीत सांगतात. म्हणजे घरची भाषा बदलली तरी कथेची भाषा त्यांनी जपली.

कोलामांचाही यात मान आहे. या भागाचे जुने रहिवासी कोलाम, असे गोंड लोक मानत आले. म्हणून डोंगर-रानातल्या स्थानिक देवतांच्या पूजेसाठी ते कोलाम पुजाऱ्याला बोलावीत. आज ज्या समाजाला सर्वांत मागास म्हटले जाते, त्याच समाजाला शेजारी या मातीचा थोरला मानत होते. ही गोष्ट पोडावरच्या किती मुलांना ठाऊक असेल?

पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूर येथे दरवर्षी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळाची जत्रा. कुळातील माणसे त्याआधी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. जत्रेत एक विधी असतो, त्याला ‘भेटिंग’ म्हणतात. वर्षभरात मेश्राम कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुना पांढरी वस्त्रे नेसून येतात, आणि त्यांची देवाशी व कुळातील वडीलधाऱ्यांशी ओळख करून दिली जाते. बाहेरून आलेल्या सुनेलाही कुळाच्या कथेत जागा द्यायची, ती सर्वांसमक्ष द्यायची, आणि हे दरवर्षी न चुकता करायचे, ही केवढी विचारपूर्वक घातलेली रीत आहे!

आडनावांतही कथा आहे. गोंडीत ‘टेका’ म्हणजे साग, त्यावरून टेकाम. ‘मर्का’ म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. कुळे किती देवांची, यावर गट पडतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. कुळाने जे झाड किंवा प्राणी आपला मानला, त्याला इजा करायची नाही असाही नेम असतो. वर्गात हजेरी घेताना ‘टेकाम’ हे नाव उच्चारले जाते तेव्हा त्यामागे एक झाड आणि एक घराणे उभे असते.

३. ज्यांनी ऐकून लिहून ठेवले

आपल्या वाचकांना नागपूरचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप हे नाव परिचित असेल. ते १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरास आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पण त्यांचे आणखी एक काम फार थोड्यांना माहीत असते. त्यांनी मध्य प्रांतातील आदिवासींची भाषा, चालीरीती आणि कथा टिपून ठेवल्या. त्यांत लिंगोची मोठी कथा होती. गुहेत कोंडलेले गोंड, त्यांना सोडवणारा लिंगो, त्याने केलेली कुळांची वाटणी आणि घालून दिलेल्या रीती, असे तिचे स्वरूप आहे. ही कथा एका परधानाकडून मिळवलेली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परत येताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून गेले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, आणि त्यात ही कथा गोंडी शब्दांसह आली. लिंगोशी ज्याचे नाव जोडले जाते ते गोंदिया जिल्ह्यातील कचारगड हे ठिकाण आजही माघ पौर्णिमेला हजारो गोंड बांधवांनी भरून जाते.

आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १९४० मध्ये आदिलाबादच्या रानात निजामाच्या पोलिसांकडून कुमराम भीम मारले गेले. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी त्यांनी उठाव केला होता. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचे दुखणे समजून घेण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावले. ते आणि त्यांच्या पत्नी मारलवाई गावात राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले, आणि मुलांसाठी देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके छापली गेली. आधी गोंडी, मग पुढची भाषा, असा तो क्रम होता. आज इतक्या वर्षांनीही तो योग्य वाटतो.

लिहिण्याचे काम बाहेरच्यांनीच केले, असे मात्र समजू नये. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावात गोंडीची स्वतंत्र लिपी असलेल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या मिळाल्या. ही लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता ती संगणकावर आणि मोबाईलवर लिहिता येते. बालाघाटकडचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली दुसरी गोंडी लिपी त्याआधी एक वर्ष, २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि धर्मपरंपरेवर आयुष्यभर लिहिले. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील कवी भुजंग मेश्राम यांनी ‘उलगुलान’ या संग्रहातून आदिवासी शब्द मराठी कवितेत आणले.

४. समुद्रापलीकडची ओळखीची गोष्ट

हा प्रश्न फक्त आपल्या रानातला नाही. फिलिपाइन्स बेटांवर स्पेनचे राज्य तीनशे वर्षांहून अधिक काळ होते. १८४९ मध्ये तेथील गव्हर्नर क्लाव्हेरिया यांनी हुकूम काढला आणि छापील यादीतून लोकांना आडनावे वाटण्यात आली. कर आणि नोंदी सोप्या व्हाव्यात म्हणून हे केले गेले. परिणाम असा की आज कित्येक फिलिपिनो माणसांना केवळ आडनावावरून आपले मूळ शोधता येत नाही. परदेशी स्थायिक झालेली त्यांची मुले-नातवंडे मूळ शोधू लागतात तेव्हा आजीच्या तोंडच्या गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागते : कोणते बेट, कोणती नदी, कोणती बोली.

त्याच देशात इफुगाओ नावाचा डोंगरी समाज आहे. तेथे ‘हुडहुड’ नावाची पूर्वजांची गाणी भाताच्या कापणीला आणि मरणाच्या जागरणाला गातात. ती प्रामुख्याने वृद्ध स्त्रिया म्हणतात, आणि एक कथा पुरी व्हायला दिवस लागतात. युनेस्कोने २००१ मध्ये या गाण्यांना मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवले. बहुसंख्य लोक ख्रिस्ती असलेल्या त्या देशात ही गाणी शाळकरी मुलांना शिकवण्याचे प्रयत्न झाले आहेत.

आपल्या गोंड-कोलाम मुलांची स्थिती एका अर्थाने बरी आहे. त्यांची आडनावे अजून त्यांचीच आहेत. कथा जाणणारी माणसे अजून पोडावर आहेत. फक्त वेळ थोडा आहे.

५. गोष्ट कचेरीतही उभी राहते

कोणी म्हणेल, गोष्टींनी पोट भरते का? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातही आहे.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला दावा करताना पुरावा द्यावा लागतो. या कायद्याच्या नियमांत, १३ व्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच, पण दावेदाराखेरीज इतर वृद्ध व्यक्तींचे लिहून घेतलेले जबाब आणि पूर्वजांपर्यंत जाणारी वंशावळ हेही पुरावे आहेत. सामूहिक दाव्यासाठी पवित्र झाडे, देवराई, तळी, पुरण्याची किंवा दहनाची जागा यांच्या खुणा चालतात. ग्रामसभेने आणि समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे असतात. म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलेले ‘यांचा आजा या नाल्याजवळ ज्वारी पेरायचा’ हे वाक्य लिहून, तारीख-अंगठ्यासह ठेवले तर ते पुराव्याचा भाग होते. कोलामांसारख्या आदिम जमातींना याच कायद्याच्या कलम ३(१)(ई) खाली आपल्या पारंपरिक अधिवासाचा हक्कही सांगता येतो. तो सांगायचा तर डोंगर, पाणवठे, देवस्थाने आणि जुन्या वस्त्यांची नावे माहीत हवीत, आणि ती नावे म्हाताऱ्यांच्या गोष्टींतच असतात.

दुसरा प्रसंग जात पडताळणीचा. महाराष्ट्रात उच्च शिक्षण किंवा नोकरीसाठी जमातीचा दावा तपासला जातो, तेव्हा जुन्या कागदांबरोबर कुटुंबाचे देव, लग्नाच्या आणि मरणाच्या रीती, परंपरा यांचीही विचारणा होऊ शकते. केवळ या माहितीवर दावा ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी विचित्र प्रकार पाहा. जे ज्ञान लहानपणी ‘मागासलेले’ म्हणून मुलाकडून सुटले, तेच ज्ञान अठराव्या वर्षी टेबलापलीकडून त्याला विचारले जाते.

६. मंडळीने याकडे कसे पाहावे

पवित्र शास्त्राच्या वाचकाला हा विषय परका नाही. यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात आणि नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणतात. कशासाठी? पुढे मुले विचारतील की हे धोंडे कसले, आणि तेव्हा बापांनी त्यांना सांगावे म्हणून. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिले पीक अर्पण करणारा माणूस आधी आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण सांगतो, मग टोपली ठेवतो. अर्पणाच्या वेळीही पूर्वजाची कथा विसरायची नाही, असा तो धडा आहे.

काहींच्या मनात शंका येते : लिंगोची किंवा भीमायकाची कथा ऐकली तर विश्वासाला बाध येईल का? आजोबांची कथा आदराने ऐकणे हा आई-बापांचा मान राखण्याचाच भाग आहे. ऐकणाऱ्याचा विश्वास त्याने कोठे ठेवायचा, हे त्याच्यापाशी राहते. हिस्लॉप मिशनरी होते, तरी त्यांनी परधानाची कथा ऐकून लिहून ठेवली. आपणही कथेवर आपली टीका चिकटवू नये, आणि तिला सणाच्या कार्यक्रमातले मनोरंजनही करू नये. कथा ज्या घराची, तिचा मालक ते घर.

७. काम कसे करावे

हे काम कुटुंबातील मुलांनीच करावे. आपले स्वयंसेवक वही, पेन, थोडा वेळ आणि गरज पडल्यास प्रवासखर्च देतील, एवढेच. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी त्यासाठी चांगली.

(अ) आधी परवानगी. आजोबा-आजीला, आणि समाजाची कथा असेल तर नाईकाला, कशासाठी विचारतो ते सांगावे. काही कथा फक्त देवकार्यात सांगायच्या असतात. त्या मागू नयेत.

(आ) सोप्या प्रश्नापासून सुरुवात. ‘आबाजी, आपलं पयलं गाव कोनतं होतं जी?’ ‘तेथून काहून निघालो?’ ‘आजी, तुझ्या मायचं गाव कोनतं?’ मोठा इतिहास विचारला की माणूस गप्प होतो. गाव, विहीर, बैल, दुष्काळ, लग्न विचारले की बोलू लागतो.

(इ) आईकडची वाटही लिहावी. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे येतात. पण बी-बियाणे, औषधी पाला, गाणी आणि बाळंतपणाचे ज्ञान आजीकडून नातीकडे येते.

(ई) ज्या भाषेत सांगितले त्याच भाषेत टिपावे. कोलामी किंवा गोंडी शब्द देवनागरीत लिहावा आणि शेजारी मराठी अर्थ. मोबाईलवर आवाज भरून ठेवला तर उत्तम. मात्र तो घरच्यांच्या संमतीशिवाय कोणाला पाठवू नये.

(उ) साल आठवत नसेल तर खूण विचारावी. कोणता पूर, कोणती साथ, तेव्हा थोरला मुलगा केवढा होता? कुमराम भीमांची आठवणही गोंड समाज आश्विन पौर्णिमेच्या तिथीवर पाळतो. लोकांची आठवण अशीच चालते.

(ऊ) एक नकाशा काढावा. जुने पोड, पाणवठा, देवाची जागा, पूर्वजांना पुरलेली जागा, त्यांची त्यांच्या भाषेतली नावे. शक्य तर आजोबांना घेऊन प्रत्यक्ष फिरून यावे.

(ए) शेवटी वही वाचून दाखवावी. चुकले असेल ते आजोबा सुधारतील. मूळ वही घरीच राहील. आपल्याकडे प्रत हवी असल्यास विचारून घ्यावी.

पहिल्याच बैठकीत फार काही हाती येईल असे समजू नये. काही आठवणी दुःखाच्या असतात : भुकेची वर्षे, वनखात्याने उठवलेली वस्ती, सावकाराकडे गेलेले शेत. अशा वेळी पेन खाली ठेवावे आणि ऐकावे. मुलाने आजोबांच्या शेजारी बसून ते ऐकले, तेवढ्यानेही कामाचा मोठा भाग होतो.

८. चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या स्वतःच्या घराण्याची किती पिढ्यांची माहिती आपल्याला आहे? आजीचे माहेर, पणजोबांचे गाव, स्थलांतराचे कारण सांगता येईल का?

२) आपल्या मंडळीत आदिवासी कुटुंबे असतील तर त्यांच्या आडनावाचा अर्थ आपण कधी विचारला आहे का?

३) यहोशवा ४ मधील बारा धोंड्यांसारखी, मुलाला प्रश्न विचारायला लावणारी कोणती खूण आपल्या घरात आहे?

४) आश्रमशाळेतील मुलांना सुटीत आजी-आजोबांजवळ वेळ मिळावा म्हणून आपल्या गटाला काय करता येईल?

या सुटीत निदान एका घरी एक वही भरली जावी, ही आमची इच्छा आहे. आपल्या गटाने एखाद्या मुलाला वही आणि पेन द्यायचे ठरवले तर ते त्याच्या हाती देताना एवढेच सांगा : पहिले पान आजोबांचे, दुसरे आजीचे, आणि पुढची पाने तुझी.

आपल्या प्रार्थनेत पोडावरच्या वृद्ध माणसांची आठवण असू द्या.